निळ्या रात्रीतला सामरी

रामसे बंधूंचा भयपट ‘पुराना मंदिर’ रात्रीत सुरू होतो आणि ती रात्र निळी आहे. राजा हरिमानसिंहाचा लवाजमा काळ्या पहाडीजवळून चालला आहे. वाटेत थांबावं लागतं, राजकन्या रूपाली खाली उतरते आणि नको त्या पडक्या भिंतींकडे चालू लागते. पडद्यावर धूर आहे, धुरातून घुसलेला निळा झोत आहे आणि त्या निळ्याला मधूनच कापणारा लाल उजेड आहे. हा लाल उजेड येतो कुठून, ते कुठेच दाखवलेलं नाही. मशाल नाही, शेकोटी नाही. छायालेखक गंगू रामसेला तो प्रश्न पडलेलाच नाही. त्याला भीतीला रंग द्यायचा आहे. दिवा कुठे टांगलाय याचा हिशेब देण्यात त्याला रस नाही.

हा निळा आणि हा लाल मी नीट पाहिला तो ब्लू-रेवर, दुरुस्त करून नव्याने काढलेल्या प्रतीत. चित्रपट १९८४चा. नांदेड-लातूरकडच्या माझ्या पिढीच्या माणसाने तो त्याआधी निरनिराळ्या रूपांत पाहिलेला असतो: टॉकीजमध्ये, यात्रेतल्या तंबूत, भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर आणि पुढे केबलवाल्याच्या कृपेने मध्यरात्री. कथा तीच, किंकाळ्या त्याच, राक्षस सामरीही तोच. पण त्या सगळ्या प्रतींत रात्र काळपट-हिरवट, कधी नुसतीच मातकट. गंगू रामसेने जी रात्र रंगवली होती ती आमच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

का पोचली नाही, ते आधी सांगायला हवं, कारण जुनी प्रत दुरुस्त करणं म्हणजे नेमकं काय परत आणणं, ते त्यातूनच कळतं.

चित्रपट वितरणाच्या नकाशावर मराठवाडा मुंबईकडे नाही. हैदराबाद संस्थान १९४८ साली भारतात आलं, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, १९६० साली महाराष्ट्र झाला. सिनेमाच्या धंद्याने मात्र जुनीच वाटणी धरून ठेवली आणि आमचे जिल्हे ‘निझाम’ सर्किटात राहिले. पहिल्या आठवड्यात नवी कोरी प्रिंट चालायची ती मोठ्या शहरांत. तिथला धंदा आटोपला की पत्र्याच्या पेट्या आत आत सरकायच्या. नांदेडला मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज होती, लातूरला बार्शी लाइटची छोटी गाडी, आणि उदगीर, देगलूर, अहमदपूरसारख्या ठिकाणी एस.टी.चा टप. ‘पेटी आली का?’ हा टॉकीजच्या दारातला खरा प्रश्न असायचा. पेटी आली म्हणजे खेळ होणार.

प्रत्येक मुक्कामाला प्रिंट थोडी थोडी मरायची. प्रोजेक्टरच्या दात्यांनी कडेची भोकं फाटायची, ऑपरेटर तेवढा तुकडा कापून उरलेला जोडायचा, आणि पडद्यावर माणूस दारातून एकदम खिडकीशी पोचायचा. धुळीचा एक कण अडकला की अख्ख्या रिळावर उभी रेघ. त्यात उजेडाची काटकसर. तेव्हा प्रोजेक्टरात कार्बनच्या कांड्या जळत. त्या पूर्ण ताकदीने जाळल्या तर उजेड शुभ्र, किंचित निळसर पडतो. पण कांडीला पैसे पडतात. म्हणून करंट कमी ठेवायचा, आरसा काळवंडला तरी बदलायचा नाही. पिवळट उजेडात निळा रंग सगळ्यात आधी मरतो. ज्या चित्रपटाचा अर्धा जीव निळ्यात आहे, त्याच्यासाठी ही काटकसर म्हणजे नरडीवरचा हात.

तंबूत तर विचारायलाच नको. लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. घोडे-गाढवांचा बाजार, तमाशाचे फड, आणि त्यांच्या शेजारी टुरिंग टॉकीज. लातूरला महाशिवरात्रीला सिद्धेश्वराची जत्रा. कनातीच्या फटीतून बाहेरची बत्ती आत येते, पडदा वाऱ्याने फुगतो, शेजारच्या फडातली ढोलकी सामरीच्या गुरगुरण्यात मिसळते. चित्रपट ‘फक्त प्रौढांसाठी’ होता, पण तंबूच्या दारावर वय कोण विचारतो? व्हीसीआरने वेगळा छळ मांडला. व्हीएचएस कॅसेटला लाल रंग सांभाळता येत नाही. तो कडा सोडून शेजारी पसरतो. गणपतीत चौकातल्या टीव्हीवर रक्त दिसायचं ते गुलाबी धुक्यासारखं, अंगावर कुठेच न टेकलेलं.

मी पाहिलेली ही दुरुस्त प्रत ज्यांनी काढली ती ‘मोंडो मकाब्रो’ ही परदेशी कंपनी. तिच्यामागचा माणूस पीट टूम्स नावाचा इंग्रज. युरोप-अमेरिकेबाहेरच्या वेड्यावाकड्या, भडक, समीक्षकांनी ओवाळून टाकलेल्या चित्रपटांवर त्याने १९९७ साली याच नावाचं पुस्तक लिहिलं, आणि पुढे तेच चित्रपट डीव्हीडीवर आणायचा उद्योग मांडला. रामसे बंधूंचे चित्रपट त्याने आधी डीव्हीडीवर जोडी-जोडीने काढले. मग २०२३ साली सहा चित्रपटांचा ब्लू-रे संच आला: ‘पुराना मंदिर’, ‘तहखाना’, ‘वीराना’, ‘पुरानी हवेली’, ‘बंद दरवाजा’ आणि ‘महाकाल’. माळेगावच्या तंबूतला सामरी परदेशातल्या दर्दी संग्राहकाच्या फळीवर, जाड खोक्यात, आत पुस्तिका वगैरे. याचं हसू येतं आणि थोडा रागही येतो. ज्यांनी तिकिटं काढून हा चित्रपट चालवला त्यांच्या घरात आता डिस्कचा प्लेअरच उरलेला नाही.

दुरुस्तीचं काम ऐकायला सोपं, करायला जिकिरीचं. अडीच तासांच्या आसपासचा चित्रपट, सेकंदाला २४ चौकटी. म्हणजे दोन लाखांहून जास्त चौकटी. एकेक स्कॅन करायची, धूळ-रेघा-डाग काढायचे, तुटलेले जोड सांधायचे, मग रंग बसवायचे. आपल्याकडच्या फिल्मला आणखी एक रोग असतो. अ‍ॅसिटेटची फिल्म उष्ण, दमट हवेत राहिली की तिच्यातून आम्ल सुटायला लागतं. डबा उघडला की व्हिनेगरचा वास नाकात शिरतो आणि फिल्म आक्रसून वाकडी होते. शिवाय रंग सारख्या वेगाने उडत नाहीत. जुन्या ईस्टमनकलर प्रिंट गुलाबी पडतात त्या त्यातला निळसर रंग आधी उडतो म्हणून. म्हणजे दुरुस्ती करणाऱ्याला नुसतं पुसायचं नसतं, ठरवायचंही असतं: या रात्रीचा मूळ निळा किती निळा होता? जास्त चढवला तर जाहिरात होते, कमी ठेवला तर पुन्हा आमच्या टॉकीजसारखी मातकट रात्र. आणि धूळ पुसायच्या नादात फिल्मचा दाणाही पुसला, तर माणसांचे चेहरे मेणाचे होतात. या प्रतीत अंधाऱ्या चौकटींतला दाणा हलता राहू दिलाय. मला हा निर्णय मोलाचा वाटतो. दाणा हलतो म्हणून रामसेंचा अंधार रिकामा वाटत नाही. त्यात काहीतरी वळवळतंय असं सारखं वाटत राहतं.

आता चित्रपटाकडे यावं. पण त्याआधी एका मराठी माणसाचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. रामसे घराण्याचा मूळ पुरुष फतेहचंद रामसिंघानी. कराचीत रेडिओचं दुकान, फाळणीनंतर मुंबईत. गोऱ्या गिऱ्हाइकांच्या तोंडी रामसिंघानीचं रामसे झालं. त्याने काढलेला ‘रुस्तम सोहराब’ (१९६३) दिग्दर्शित केला विश्राम बेडेकरांनी. ‘रणांगण’चे बेडेकर! १९७० सालचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ हाही त्यांचाच. तो पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर अक्राळविक्राळ मुखवटा घालून संग्रहालयात चोरी करायला येतो, एवढा एक प्रसंग बघायला लोक पुन्हा पुन्हा येत होते आणि तो संपला की उठून जात होते. हे तुलसी आणि श्याम या मुलांनी हेरलं आणि बापाला पटवलं. पुढे १९७२चा ‘दो गज जमीन के नीचे’, महाबळेश्वरात, घरच्याच माणसांच्या हातून, थोडक्या पैशात. हिंदी भयपटांच्या दुकानाची पायरी अशी एका मराठी कादंबरीकाराच्या पडलेल्या चित्रपटावर उभी आहे. आपल्या वाङ्मयेतिहासात याची नोंद कुणी करणार नाही, म्हणून इथे केली.

‘पुराना मंदिर’ची कथा दोन ओळींची. राजकन्येचा बळी घेणाऱ्या सामरी नावाच्या नराधमाला राजा शिरच्छेदाची शिक्षा देतो. शीर वाड्यातल्या पेटीत त्रिशुळाच्या पहाऱ्यात, धड जुन्या मंदिरामागे जमिनीत. मरताना सामरी शाप देतो: या घराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल, आणि शीर पुन्हा धडाला लागेल त्या दिवशी वंश संपेल. दोनशे वर्षांनंतर ठाकूर रणवीरसिंहाची कॉलेजकन्या सुमन, तिचा प्रियकर संजय आणि एक मित्र-मैत्रीण वाड्यावर जातात. पुढचं सांगायला नको.

शिक्षेचा दरबार हा या चित्रपटातला सगळ्यात नीट बांधलेला प्रसंग आहे, आणि तो नव्या प्रतीतच कळतो. साखळदंडांतला सामरी उभा आहे, त्याच्या गुन्ह्यांची यादी वाचली जाते. घाईच्या दिग्दर्शकाने इथे गुन्हे दाखवले असते. तुलसी-श्याम ते ऐकवतात आणि कॅमेरा त्या चेहऱ्यावर ठेवतात. अनिरुद्ध अग्रवालचा तो चेहरा! रुरकीहून शिकलेला हा सिव्हिल इंजिनिअर. लांबुडकं डोकं, खोल डोळे, कपाळाचं पुढे आलेलं हाड. जुन्या प्रिंटमध्ये डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे दिसायचे आणि आम्हाला तेच भयंकर वाटायचं. आता खड्ड्यांच्या तळाशी डोळे दिसतात, ते कुणाकडे बघतायत तेही दिसतं. यादी वाचली जात असताना हा माणूस अजिबात घाबरलेला नाही. त्याला कंटाळा आलाय. साऱ्या चित्रपटात एवढा सूक्ष्म अभिनय दुसऱ्या कुणी केलेला नाही, आणि चाळीस वर्षं तो कार्बनच्या काटकसरीखाली गाडलेला होता. हाच अनिरुद्ध पुढे ‘बँडिट क्वीन’मध्ये बाबू गुज्जर झाला. तिथे तो विनामुखवट्याचा, आणि सामरीहून शंभरपट भयानक.

शापाकडे मात्र जरा थांबून बघायला हवं. भयपटात शाप हा कथेचा खिळा असतो, त्यावर बाकीचं टांगायचं. रामसेंना कुठलाही खिळा चालला असता: वेड, आंधळेपण. त्यांनी निवडलं बाळंतपण. १९८४ सालच्या मराठवाड्यात पडद्याच्या उजव्या-डाव्या बाजूला वेगळ्या बसवलेल्या बायकांनी तो शाप कसा ऐकला असेल? बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असं ज्या घरांत सहज बोललं जायचं, रात्री-अपरात्री बैलगाडीत घालून तालुक्याला नेताना वाटेतच गेलेली कुणीतरी चुलती-मावशी ज्या प्रत्येक घरात होती, त्या बायकांना हा शाप कपोलकल्पित वाटायचं कारण नव्हतं. त्या किंचाळत होत्या त्या सामरीला बघून. गप्प होत होत्या त्या या शापाला ऐकून, असं मला आता वाटतं. ठाकूर मुलीचं लग्न मोडू पाहतो ते प्रियकर गरीब आहे म्हणून, असं आधी वाटतं. मग कळतं की बापाला भीती आहे ती मुलीला दिवस जाण्याची. प्रदीपकुमारने हा बाप जुन्या वळणाने, जरा ताठ केलाय. पण कबुलीच्या प्रसंगात त्याच्या चेहऱ्यावर अर्धा उजेड, अर्धी सावली आहे आणि ती सावली आता काळ्या डागासारखी न दिसता सावलीसारखी दिसते. एवढ्याने त्याचा ताठरपणा धास्तीत बदलतो.

हा वाडा ज्या गावात आहे त्या गावाचं नाव चित्रपटात बिजापूर. मुंबईच्या प्रेक्षकाला ते कुठलंतरी दूरचं, दंतकथेतलं गाव वाटलं असेल. लातूरच्या प्रेक्षकाला बिजापूर म्हणजे शाळेची सहल, गोलघुमटात मारलेली हाक आणि सोलापूरवरून जाणारी एस.टी. पडद्यावर पाटी आली की हमखास हशा पिकायचा. पण त्याच कारणाने गोष्ट जवळचीही व्हायची. आमच्याकडे मोठ्या गावात गढी असतेच. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, ढासळलेले बुरूज, आत पेव, आणि धन पुरल्याच्या, राखणदार बसवल्याच्या गोष्टी. संस्थान गेलं, १९४९ साली जहागिऱ्या गेल्या, मग कुळकायदा आला. देशमुख मंडळी मुलांच्या शिक्षणासाठी नांदेडला, लातूरला, औरंगाबादला गेली आणि गढीत एखादा म्हातारा सालगडी उरला. ‘पुराना मंदिर’मधला ठाकूर शहरात राहतो, वाड्यावर राखणदार असतो आणि वाड्याच्या भिंतीत घराण्याचं एक जुनं पाप चिणलेलं असतं. रामसेंनी ही गढी कुठून उचलली? बहुधा परदेशी भयपटांतल्या किल्ल्यांवरूनच. आम्ही ती आमची करून घेतली.

त्या राखणदाराच्या कामात सदाशिव अमरापूरकर आहेत. आदल्याच वर्षी ‘अर्धसत्य’मधल्या रामा शेट्टीने त्यांनी सगळ्यांना गार केलं होतं. इथे त्यांना वाव थोडा, संवाद ठोकळेबाज. तरी दुर्जन हा नोकर पाहुण्यांकडे बघतो तेव्हा त्या नजरेत मालकाबद्दलची पिढ्यान्‌पिढ्यांची अढी आहे. ती संहितेत नव्हती, अमरापूरकरांनी आणली. ललिता पवारही चित्रपटात आहेत. मराठी रंगभूमी-चित्रपटातली अशी माणसं रामसेंकडे पडेल ते काम करून जात आणि त्यांच्या चरित्रलेखात ते चित्रपट गाळले जात.

आता तैलचित्राचा प्रसंग. भिंतीवर मोठं चित्र, त्यामागे चिणलेली पेटी, पेटीत शीर. चित्रातला चेहरा बदलल्याचा भास होतो. जुन्या प्रतींत हा बदल कळायचाच नाही. पार्श्वसंगीत दणाणलं की आम्ही समजून घाबरायचो. आता तो दिसतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो होण्याआधीचा वेळ दिसतो. कॅमेरा चित्राकडे जातो, थबकतो, माणसांकडे परततो. खोलीत वरच्या कोपऱ्यात निळा, चित्राच्या कडेला गरम तांबूस. दोन रंगांनी खोली दुभागली आहे: जिवंत माणसं तांबूस बाजूला आणि ज्याला पुढे मरायचंय तो हळूहळू निळ्या बाजूला सरकतो. हे योगायोगाने झालं म्हणणाऱ्याने पुढचे दोन-तीन प्रसंग पुन्हा बघावेत. रामसेंच्या बापाने पोरांना श्रीनगरच्या हाउसबोटीत नेऊन बसवलं होतं आणि जोसेफ मॅसेलीचं छायालेखनावरचं पाठ्यपुस्तक घोकून घेतलं होतं, ही गोष्ट त्यांच्याविषयी सांगितली जाते. ती ऐकून हसणाऱ्यांना ही खोली दाखवावी. गंगू रामसे २०२४च्या एप्रिलमध्ये गेले. त्यांच्या नावावर पुरस्कार नाहीत. हा निळा आहे.

न्हाणीघराच्या प्रसंगाबद्दल मात्र माझं मत बदललं नाही. सुमन अंघोळ करते आहे आणि पाण्याऐवजी रक्त कोसळतं. कल्पना बाईच्या शापाशी जुळणारी, म्हणजे चांगली. पण कॅमेऱ्याची नजर भीतीची नाही, आंबटशौकीन आहे. स्वच्छ प्रतीत तो आंबटपणाही स्वच्छ झाला, एवढंच. रक्तही आता रंगाच्या डब्यातलं आहे हे स्पष्ट कळतं. व्हीएचएसवरचं गुलाबी धुकं त्या मानाने सभ्य होतं.

इथेच दुरुस्ती करणाऱ्याची खरी परीक्षा असते. रबर रबरासारखं दिसू लागतं, मेकअपचा थर थर म्हणून ओळखू येतो, मंदिराचा दगड प्लास्टरचा आहे हे लपत नाही. आमच्या बाजूला निलंग्याचा नीळकंठेश्वर, देगलूरजवळच्या होट्टलचा सिद्धेश्वर अशी खरी जुनी मंदिरं आहेत. तिथल्या दगडावर हात ठेवलेल्या माणसाला रामसेंचं ‘पुराना मंदिर’ कालपरवा उभं केलेलं वाटणारच. आजच्या यंत्रांना हे सगळं गुळगुळीत करणं, झाकणं अवघड नाही. करायचं का? या प्रतीत केलेलं नाही आणि तेच बरं. ते प्लास्टर रामसेंचं आहे. थोडक्या पैशांत, घरच्या माणसांनी, मिळेल त्या वाड्यात केलेल्या कामाची ती सही आहे. मुरूडच्या नवाबाचा राजवाडा त्यांच्या चित्रपटांतून इतक्या वेळा येऊन गेलाय की नेहमीच्या प्रेक्षकाला त्याचे जिने पाठ आहेत. प्लास्टर झाकून कुणाला फसवायचं?

मग भीतीचं काय होतं? कमी होते, हे कबूल करायला हवं. आमच्या लहानपणी जे भय वाटलं त्यातलं अर्धं प्रिंटच्या नासाडीचं देणं होतं. तुटलेल्या जोडामुळे सामरी दाराशी दिसायचा आणि पुढच्या क्षणी थेट पलंगाशी. ती उडी श्याम-तुलसीने घेतली नव्हती, कुठल्यातरी ऑपरेटरच्या कात्रीने घेतली होती. नव्या प्रतीत सामरी ती सगळी खोली चालून येतो. आधी चुकल्यासारखं वाटतं. मग लक्षात येतं की तो फार हळू चालतो, आणि त्याच्या हळू चालण्यातच दिग्दर्शकांनी सगळा हिशेब मांडला होता. धावणाऱ्या भुतापासून पळता येतं. न थांबता सावकाश येणाऱ्यापासून पळून जायचं कुठे, हे सुमनला कळत नाही. कपाटाआड लपलेल्या माणसाचा श्वास, लाकडी जिन्यावरची पावलं, वारा. मोनो ध्वनिपट्टीवरची खरखर कमी केल्यामुळे अजितसिंगच्या संगीताआधीची शांतता आता खरोखर शांत आहे. आमच्या टॉकीजमध्ये त्या शांततेत हमखास कुणीतरी आवाज टाकायचं, ‘अरे मागं बघ की, मागं!’ ती जागा रामसेंनी त्या आवाजासाठीच मोकळी सोडली असावी. घरात एकट्याने बघताना ती रिकामी राहते. डिस्कवर हे दुरुस्त करण्याची सोय नाही.

शेवटाबद्दल थोडंच. त्रिशूळ, जमाव, आग. धर्माने राक्षसाचा निकाल लावायचा हा ठराविक शेवट, आणि भानामतीच्या नावाने आजही बायका छळल्या जातात अशा आमच्या मुलखात तो फार निरागसपणे बघता येत नाही. रामसेंना त्याची फिकीर नव्हती. पण आग त्यांनी जीव ओतून टिपली आहे. दोन तास निळ्यात राहिलेला डोळा त्या केशरीने अक्षरशः दिपतो. पहिल्या निळ्या चौकटीपासून आपल्याला याच उजेडासाठी तयार केलं जात होतं. मातकट प्रिंटमध्ये आगही मातकट होती, त्यामुळे हा शेवट नुसता गोंधळ वाटायचा.

एक गोष्ट राहिली, जगदीपची. भयकथेच्या मधोमध मच्छरसिंग नावाच्या डाकूची अख्खी वेगळी गोष्ट घुसवली आहे. ‘शोले’ची उघड नक्कल, आणि ती करणारा जगदीप म्हणजे खुद्द ‘शोले’तला सूरमा भोपाली. त्या ‘शोले’च्या मूळ निगेटिव्हचीही दैना झाली होती. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने काम हाती घेतलं आणि २०२५च्या जूनमध्ये बोलोन्याच्या महोत्सवात दुरुस्त झालेली प्रत, सेन्सॉरमुळे बदललेल्या शेवटाऐवजी मूळ शेवट घेऊन, पडद्यावर आली. असल आणि नक्कल दोन्ही परदेशात न्हाऊन-माखून उभी राहिली, यातली गंमत जगदीपलाच कळली असती. परदेशी भयपटप्रेमींना हा मच्छरसिंग सोसत नाही; प्रकरण वगळून पुढे जायची सोय डिस्कवर आहेच. आपण ती वापरू नये. दोनशे वर्षांच्या शापातून उठून माणसं मध्येच मोठ्याने हसली नसती, पाणी पिऊन, शेंगा फोडून परत बसली नसती, तर सामरीच्या दुसऱ्या भागातल्या पावलांना एवढी जागाच मिळाली नसती. रामसेंना आपला प्रेक्षक ठाऊक होता. मच्छरसिंगचा रंगही त्यांनी ठरवून ठेवलाय. ते प्रसंग भर उन्हातले आहेत, निळ्याचा एक थेंब नाही.